येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेले का? पुरावा तपासण्याची एक रीत



मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर आठ दिवसांच्या अंतराने दोन संदेश आले. पहिल्यात लिहिले होते की येशू ख्रिस्त नावाची व्यक्ती कधी झालीच नाही, ही सगळी कथा रोमन लोकांनी रचली. दुसऱ्यात लिहिले होते की येशू तरुणपणी भारतात आले, इथे त्यांनी योग आणि वेदान्त शिकला आणि त्यांची समाधी आजही श्रीनगरला आहे. दोन्ही संदेश एकाच काकांनी पाठवले होते. दोन्हींखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेत दोन्ही वेळा माझेही हात होते.

जो झालाच नाही, तो योग शिकायला आला कसा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडला तो नंतर. मी बडोद्याला एम.कॉम. करतो. माझ्या वर्गात केरळचा एक ख्रिस्ती मित्र आहे. कँटीनमध्ये नाताळच्या सुट्टीचा विषय निघाला, तेव्हा मी शहाणपणा दाखवत पहिला संदेश त्याला ऐकवला. तो चिडला नाही. त्याने एवढेच विचारले, "हे तू कुठे वाचलेस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. या संकेतस्थळासाठी मी लेखांचे भाषांतर करतो. प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, असा आमच्या ताईंचा दंडक आहे. लेखात जो दंडक मी पाळतो, तो एका मित्राच्या श्रद्धेविषयी बोलताना पाळला नव्हता. त्यानंतर दोन महिने या विषयावर जे वाचले, ते येथे मांडत आहे.

आधी प्रश्न वेगळे करू

येशूंविषयीच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न असा : पहिल्या शतकात गालील प्रांतातल्या नासरेथ गावचा येशू नावाचा यहुदी उपदेशक होऊन गेला का आणि पिलात नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, इ.स. ३०च्या आसपास, त्याला क्रूसावर मृत्युदंड मिळाला का? दुसरा प्रश्न : ते कुमारी मातेच्या पोटी जन्मले का, तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले का, ते ईश्वराचे पुत्र होते का? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे. दुसरा श्रद्धेचा आहे आणि त्यात इतिहासकाराची साधने चालत नाहीत.

पाण्यावरून कोणी चालत नाही, म्हणून येशू झालेच नाहीत, असे पुष्कळ लोक म्हणतात. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण याच न्यायाने, रेडा वेद बोलू शकत नाही म्हणून ज्ञानेश्वर माउली झालीच नाही, असेही म्हणावे लागेल. थोर व्यक्तीभोवती चमत्कारांच्या कथा जमतात, यावरून ती व्यक्ती खोटी ठरत नाही आणि कथा खऱ्याही ठरत नाहीत.

नाकारणारे काय म्हणतात

येशूंचे अस्तित्व नाकारणारा विचार व्हॉट्सअॅपवर जन्मलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये व्होल्नी आणि द्युप्युई यांनी तो मांडला, पुढे जर्मनीत ब्रुनो बाउअर यांनी. १९०९ मध्ये आर्थर ड्रूज यांचे ख्रिस्त हे मिथक आहे असे सांगणारे पुस्तक आले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. आपल्या काळात रिचर्ड कॅरियर यांनी २०१४ मध्ये याच बाजूने जाडजूड ग्रंथ लिहिला. ही माणसे अभ्यासू आहेत, त्यांचे मुद्दे नीट ऐकायला हवेत.

ते म्हणतात, येशूंच्या हयातीत लिहिलेला एकही कागद त्यांचे नाव घेत नाही. हे खरे आहे. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो त्याच काळातला, त्याने भरपूर लिहिले, पण येशूंचा उल्लेख केला नाही. हेही खरे. चार शुभवर्तमाने घटनेनंतर साधारण ४० ते ७० वर्षांनी लिहिली गेली आणि ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. मत्तयाच्या वृत्तान्तात येशूंचा जन्म हेरोद राजा जिवंत असताना होतो आणि हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. लूक जन्माची वेळ क्विरिनियसच्या जनगणनेशी जोडतो आणि ती गणना इ.स. ६ ची. मध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. भाविक विद्वानांनी हे अंतर भरायचे पुष्कळ प्रयत्न केले आहेत, मला तरी त्यांतला एकही पटला नाही.

शेवटचा मुद्दा मात्र सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे : येशूंची कथा होरस, मिथ्र वगैरे देवांवरून उचलली, सगळेच २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मले. शुभवर्तमानांत २५ डिसेंबर ही तारीखच नाही. ती चर्चने पुढे कित्येक पिढ्यांनी ठरवली. आणि रोमन शिल्पांत मिथ्र देव खडकातून प्रकट होताना दिसतो, तिथे माताच नाही. अशा याद्या बनवणाऱ्यांनी मूळ शिल्पे पाहिलेली नसतात.

हिशेबाची वही कशी तपासतात

ऑडिटच्या तासाला आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते हे की, सगळे पुरावे सारख्या वजनाचे नसतात. मालकाने स्वतःच्या कीर्दीत लिहिलेली नोंद ग्राह्य धरतात, पण तिच्यावर विसंबून राहत नाहीत. बँकेने किंवा पुरवठादाराने स्वतंत्रपणे दिलेल्या दाखल्याला जास्त वजन असते. आणि जी नोंद मालकाच्या अंगावर येते, जी त्याने लपवली असती तर त्याचा फायदाच झाला असता, ती बहुधा खरी असते. नफा वाढवून दाखवणारा भेटतो, नसलेले कर्ज वहीत घालणारा क्वचितच. हीच रीत येशूंविषयीच्या नोंदींना लावून पाहू.

आधी गहाळ कागदांविषयी. प्रमाणक सापडले नाही म्हणजे व्यवहार झाला नाही, असे कोणताही लेखापरीक्षक म्हणत नाही. तो आधी विचारतो, या काळातली दप्तरे मुळात शिल्लक आहेत का? यहुदिया प्रांताचे रोमन दप्तर आज उपलब्ध नाही. ज्या पिलाताने येशूंना शिक्षा दिली, तो तिथे दहा वर्षे सत्ताधारी होता. त्याच्या नाण्यांवरही सम्राटाचे नाव आहे, त्याचे नाही. त्याचे नाव कोरलेला दगड सापडला तो १९६१ मध्ये, कैसरिया शहरात आणि तोही जुन्या नाट्यगृहाच्या पायरीत उलटसुलट करून बसवलेला. प्रांताच्या प्रमुखाची ही स्थिती, तर एका खेड्यातल्या सुताराच्या मुलाचे नाव हयातीतल्या सरकारी कागदात सापडावे, ही अपेक्षाच जास्त आहे.

आता खाडाखोड झालेली नोंद. जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार. इ.स. ९३-९४ च्या सुमारास त्याने यहुद्यांचा प्राचीन इतिहास लिहिला. त्याच्या अठराव्या खंडात येशूंविषयी एक परिच्छेद आहे आणि त्यात 'हाच ख्रिस्त होता' अशा आशयाचे वाक्य येते. जोसेफस शेवटपर्यंत यहुदीच राहिला, असे वाक्य तो लिहिणार नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन स्पष्ट सांगतो की, जोसेफस येशूंना ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे कोणा ख्रिस्ती नकलनविसाने नंतर हात मारला आहे. बहुतेक अभ्यासक मानतात की, मूळची एक साधी नोंद होती आणि तिच्यावर भर घातली गेली. काहींच्या मते सगळाच परिच्छेद बनावट आहे. मी या नोंदीला फार वजन देणार नाही. खाडाखोडीची नोंद बाजूला ठेवावी, हेच बरे.

त्याच ग्रंथाच्या विसाव्या खंडात मात्र एक छोटासा उल्लेख आहे. इ.स. ६२ मध्ये यरुशलेमच्या प्रमुख याजकाने याकोब नावाच्या माणसाला दगडमार करून ठार करवले आणि त्यामुळे त्या याजकाचे पद गेले, अशी ती हकिकत आहे. हा याकोब कोण, हे ओळखू यावे म्हणून जोसेफस जाता जाता सांगतो की, ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा हा भाऊ. येथे स्तुती नाही, प्रचार नाही. लेखकाला सांगायची आहे याजकाची गोष्ट, येशूंचे नाव फक्त ओळखीपुरते आले आहे. हा याकोब पुढे पुन्हा येईल, तो लक्षात ठेवावा.

तिऱ्हाईताची नोंद म्हणजे टॅसिटसची. हा रोमचा मोठा इतिहासकार. इ.स. ६४ मध्ये रोम जळाले, तेव्हा नीरो बादशहाने आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला, हे सांगताना टॅसिटस लिहितो की, या पंथाच्या मूळ पुरुषाला तिबेरियस सम्राटाच्या काळात पिलाताने मृत्युदंड दिला होता. हे त्याने इ.स. ११६ च्या सुमारास लिहिले. त्याला या पंथाचा मनापासून तिटकारा होता, त्यामुळे भक्तिभावाने लिहिले असे म्हणता येत नाही. ही माहिती त्याला ख्रिस्ती लोकांकडूनच कळली असेल, असा आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. म्हणून या नोंदीला मी पूर्ण गुण देत नाही. तरी एवढे दिसते की, या पंथाच्या शत्रूलाही त्याचा मूळ पुरुष काल्पनिक वाटला नव्हता.

आता अंगावर येणाऱ्या नोंदी. यहुदी समाज मशीहाची वाट पाहत होता, पण कसल्या मशीहाची? दावीद राजाच्या वंशात जन्मून शत्रूला हाकलून देणाऱ्या विजयी पुरुषाची. रोमन साम्राज्यात क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना उघड्यावर द्यायची अत्यंत लाजिरवाणी शिक्षा होती. आपला मशीहा असा मेला, हे सांगणे यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटते, अशी कबुली प्रेषित पौल स्वतः करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात देतो. कथा रचायचीच असती, तर कोणी अशी रचली नसती. नासरेथचेही तसेच आहे. मशीहा बेथलेहेमचा असणार ही अपेक्षा होती. मत्तय आणि लूक दोघेही येशूंचा जन्म बेथलेहेमला दाखवतात, पण दोघांचे रस्ते वेगळे आहेत आणि दोघांनाही शेवटी कुटुंबाला नासरेथला आणावेच लागते. पूर्ण काल्पनिक माणूस असता, तर त्याला सरळ बेथलेहेमकर करून टाकले असते. एवढी ओढाताण करायची वेळ येते, कारण हा माणूस नासरेथचा, हे लोकांना माहीत होते.

पौल आणि याकोब

माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा पौलाच्या पत्रांत आहे. ही पत्रे साधारण इ.स. ५० ते ६० या काळातली, म्हणजे शुभवर्तमानांहून जुनी. पौलाने येशूंना हयातीत पाहिले नव्हते, उलट आधी तो या पंथाचा छळ करणारा होता. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, मत बदलल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, १५ दिवस राहिला आणि प्रेषितांपैकी दुसऱ्या कोणाला भेटला नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब तेवढा भेटला. पुढच्याच ओळीत तो देवासमोर सांगतो की, मी खोटे लिहीत नाही.

हे तो कोणत्या ओघात लिहितो, तेही पाहण्यासारखे आहे. त्याला येशूंचे अस्तित्व सिद्ध करायचे नव्हते, तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता. त्याला सांगायचे होते की, माझा उपदेश मी यरुशलेमच्या मंडळींकडून शिकलेलो नाही. त्यांच्याशी आपली फारशी भेट झाली नाही, हे दाखवणे त्याच्या सोयीचे होते. तरीही या भेटीची कबुली त्याला द्यावी लागली. त्याच पत्रात थोडे पुढे पेत्राशी तोंडावर भांडल्याची हकिकतही आहे, त्यामुळे दोघांनी संगनमत केले असेही म्हणता येत नाही.

आता जोसेफसचा याकोब आठवावा. एक वही भक्ताची, एक वही त्या पंथाशी संबंध नसलेल्या यहुद्याची. दोन्हींत याकोब नावाचा माणूस येशूंचा भाऊ म्हणून येतो. दोन स्वतंत्र खात्यांचा असा ताळा जुळला की, आमच्याकडे त्या नोंदीवर खूण करून पुढे जातात. कॅरियर यांचे उत्तर असे की, 'प्रभूचा भाऊ' ही सर्व ख्रिस्ती बंधूंना लावायची उपाधी होती. पण मग त्याच वाक्यातल्या पेत्राला ती का लावली नाही? आणि करिंथकरांच्या पत्रात पौल 'प्रभूचे भाऊ' हा गट इतर प्रेषितांपासून वेगळा का सांगतो? या ठिकाणी मला कॅरियर यांची बाजू लंगडी वाटते. जो माणूस झालाच नाही, त्याच्या सख्ख्या भावाला भेटता येत नाही.

बार्ट एर्मन हे अमेरिकेतले नव्या कराराचे नामवंत अभ्यासक आहेत. तरुणपणी ते कट्टर ख्रिस्ती होते, पुढे त्यांची श्रद्धा गेली. २०१२ मध्ये त्यांनी याच प्रश्नावर पुस्तक लिहिले आणि येशू नावाचा माणूस नक्की होऊन गेला, असा निष्कर्ष दिला. या क्षेत्रातल्या बहुतेक सर्व अभ्यासकांचे, मग ते ख्रिस्ती असोत, यहुदी असोत की नास्तिक, मत हेच आहे. गणितातल्यासारखी सिद्धता येथे नाही. लेखापरीक्षणाच्या अहवालातही ती नसते, तिथे 'वाजवी खात्री' असा शब्द वापरतात. तेवढी खात्री येथे मिळते.

आता दुसरा संदेश

तीच फूटपट्टी आपल्या आवडत्या कथेलाही लावायला हवी. हा भाग लिहिताना मला जास्त जड गेला, कारण येशू भारतात आले होते, हे मला लहानपणापासून ऐकायला आवडत असे.

या कथेचा उगम १८९४ मध्ये निकोलाय नोटोविच या रशियन प्रवाशाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला येशूंच्या भारतवासाची पोथी वाचून दाखवली, असा त्याचा दावा होता. मॅक्सम्यूलर यांनी लगेच शंका घेतली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी नाही आणि असा प्रवासी आला नव्हता, असे सांगितले. १९२२ मध्ये रामकृष्णांचे शिष्य स्वामी अभेदानंद हेमिसला गेले आणि आपल्याला पोथी दाखवली, असे त्यांच्या प्रवासवर्णनात आहे. हे लपवणे बरोबर होणार नाही. पण ती पोथी अभ्यासकांपुढे आजवर आलेली नाही. श्रीनगरच्या रोजाबल येथील कबर येशूंची आहे, हे मत मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ च्या आपल्या पुस्तकात मांडले. ती कबर ज्या यूज आसफची मानली जाते, ते नाव अभ्यासकांच्या मते 'बोधिसत्त्व' या शब्दाचे अरबी-फारसी कथांतून बदलत आलेले रूप आहे.

मराठीतही या विषयावर पुस्तक आहे. बाबाराव सावरकरांनी 'ख्रिस्तपरिचय' लिहून येशू जन्माने हिंदू होते आणि त्यांचे अखेरचे दिवस काश्मीरमध्ये गेले, असे प्रतिपादन केले. अंदमानात जन्मठेप भोगलेल्या या देशभक्ताविषयी मनात आदर आहे. पण त्या आदराने पुराव्याची उणीव भरून निघत नाही. आणि 'ख्रिस्त' म्हणजे 'कृष्ण' हे तर कोशातच तपासता येते. ग्रीक 'ख्रिस्तोस' म्हणजे अभिषिक्त, तो हिब्रू 'मशीहा'चा अनुवाद आहे. कृष्ण म्हणजे श्यामवर्ण. दोन्हींत फक्त उच्चाराचे साम्य आहे.

शुभवर्तमाने ४० वर्षांनी लिहिली म्हणून नाकारायची आणि १८०० वर्षांनी आलेला दावा हात जोडून पुढे पाठवायचा, असे माझ्याकडून झाले होते.

आपल्या घरचा अनुभव

अशी तपासणी फक्त दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानांची होते, असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने 'सुधारक' पत्रात लिहिले की, ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग लिहिणारे ज्ञानेश्वर हे दोन वेगळे पुरुष होते. भाविकांना फार लागले. उत्तरे आली, भाषेचे आणि मतांचे दाखले दिले गेले, वाद कित्येक वर्षे चालला. त्या काळात वारी थांबली नाही. आणि माउलींच्या समाधीचे वर्णन आपण कुठून घेतो? नामदेवांच्या नावावरील अभंगांतून, म्हणजे भक्ताच्याच वहीतून. भक्ताची साक्ष म्हणून आपण ती टाकून देत नाही, तपासून घेतो.

विवेकानंदांची हकिकत भगिनी निवेदितांनी नोंदवली आहे. १८९७ च्या जानेवारीत भारतात परतताना क्रीट बेटाजवळ जहाजावर त्यांना स्वप्न पडले. एका वृद्धाने येऊन सांगितले की, ख्रिस्ती धर्माचा उगम या भूमीत आहे. त्यानंतर येशूंच्या ऐतिहासिकतेविषयी त्यांच्या मनात शंका राहिली. तरी तीन वर्षांनी, जानेवारी १९०० मध्ये, लॉस एंजेलिसला त्यांनी ख्रिस्तांवर जे व्याख्यान दिले, त्यात भक्ती कमी झालेली दिसत नाही. गांधीजींनी १९३१ च्या नाताळात, गोलमेज परिषदेहून परतताना जहाजावर सांगितले की, येशू झालेच नाहीत असे कोणी सिद्ध केले, तरी डोंगरावरील प्रवचन त्यांच्यासाठी खरेच राहील.

हे वाचून मी खूश झालो आणि मित्राला सांगायला गेलो : बघ, आमच्या थोरांना फरक पडत नव्हता. तो म्हणाला, "तुम्हाला पडत नाही, मला पडतो." त्याचे बरोबर होते. ख्रिस्त उठले नसतील तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे पौलानेच लिहून ठेवले आहे. त्या धर्मात शिकवण आणि घटना वेगळ्या काढता येत नाहीत. 'झाले काय, न झाले काय' हे औदार्य आपल्याला परवडते, त्याला परवडत नाही.

मग मी कँटीनमधल्या वाक्याबद्दल त्याची क्षमा मागितली आणि गलतीकरांच्या पत्रातला याकोबाचा भाग त्याला दाखवला. त्याने फोनवर मल्याळम बायबल उघडून तो वाचला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "पण आम्ही कॅथलिक. आमच्याकडे हा सख्खा भाऊ नाही, नातलग मानतात. मरिया मातेला दुसरे मूल नव्हते." म्हणजे ज्या साक्षीदारावर मी माझा सगळा हिशेब उभा केला, त्याच्या नात्यावरच आता आमचा वाद सुरू आहे. वाद परीक्षेपर्यंत पुढे ढकलला आहे. त्याने त्याच्या पाद्रींना विचारून यायचे आणि मी मूळ ग्रीकमध्ये तिथे कोणता शब्द आहे, ते शोधून ठेवायचे, असे ठरले आहे.